विद्यापीठ म्हणजे परीक्षांचं दुकान? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

निकालांचा हंगाम आला की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत एक संदेश पुन्हा फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: ‘सार्वजनिक विद्यापीठांची ध्येयं आणि मूल्यं ही भिंतीवर टांगायची सुभाषितं आहेत. प्रत्यक्षात ही परीक्षांची दुकानं. निकाल वेळेवर लागत नाहीत. खासगी विद्यापीठं तेच काम नीट करतात. सरकारने ही बंद करावीत आणि पैसा शाळांना द्यावा. तसंही आपल्या हातात काही नाही.’

संदेशामागचा वैताग खरा आहे, आणि त्यातली एक तक्रार तर शंभर टक्के बरोबर आहे. पण रोग एका ठिकाणी आणि मलम दुसरीकडे, असा प्रकार झालाय. एकेक वाक्य घेऊ.

‘ध्येयं म्हणजे भिंतीवरची सुभाषितं’

सुभाषितं आहेतच. मुंबई विद्यापीठाचं ‘शीलवृत्तफला विद्या’, पुण्याचं ‘यः क्रियावान् स पण्डितः’, शिवाजी विद्यापीठाचं ‘ज्ञानमेवामृतम्’. ती बोधचिन्हावर छान दिसतात, पण त्यांच्या जोरावर कुलगुरूंना जाब विचारता येत नाही, हे मान्य. ज्यावर जाब विचारता येतो ते ध्येय महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये लिहिलंय. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्याआधी १९९४ चा कायदा होता.

कलम ४ मध्ये विद्यापीठाची उद्दिष्टं आहेत: ज्ञान निर्माण करणं, जपणं आणि पसरवणं, संविधानातली स्वातंत्र्य, धर्मनिरपेक्षता, समता आणि सामाजिक न्याय ही मूल्यं रुजवणं, आपल्या भागाच्या विकासाच्या प्रश्नांशी विद्यापीठ जोडणं, शिकण्याच्या सोयी न्याय्य रीतीने वाटणं. कलम ५ मध्ये अधिकार आणि कर्तव्यं येतात. एखाद्या कंपनीला आपलं ‘व्हिजन स्टेटमेंट’ सोमवारी बदलता येतं. कलम ४ मधला शब्द हलवायला विधिमंडळात विधेयक आणावं लागतं.

हेही खरं की कलम ४ मोडलं म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. कायद्याचे दात पुढच्या कलमांत आहेत, आणि त्यातला एक दात थेट निकालांशी संबंधित आहे.

‘परीक्षांची दुकानं, आणि तीही उशिराची’

यातल्या पहिल्या अर्ध्या भागाला इतिहासाचा आधार आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्रानंतर, मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं महाविद्यालयांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. म्हणजे दुकानाचा आरोप नवा नाहीच. १९२७ मध्ये मुंबई विद्यापीठ दुरुस्ती विधेयकावर कायदे कौन्सिलात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकी हीच टीका केली होती: नुसत्या परीक्षा घेणाऱ्या आणि पदव्या वाटणाऱ्या विद्यापीठाच्या असण्याचं समर्थन करता येत नाही, उच्च शिक्षण गरजू आणि गरिबांच्या दारापर्यंत नेणं हे त्याचं मूळ काम आहे. फरक इतकाच की त्यांनी विद्यापीठ बंद करा असं म्हटलं नाही. त्याने शिकवावं, संशोधन करावं आणि त्याच्या कारभारात मागासवर्गीयांना जागा मिळावी, अशी त्यांची मागणी होती.

आणि शिकवणं तोवर सुरूही झालं होतं. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली मुंबईत समाजशास्त्र विभाग उघडला. १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघाला. माटुंग्याचं ‘यूडीसीटी’ म्हणून दोन-तीन पिढ्यांना ठाऊक असलेला हा विभाग म्हणजे आजची रसायन तंत्रज्ञान संस्था. देशातल्या रंग, औषध आणि रसायन कारखान्यांत तिथले पदवीधर पसरले. परीक्षांच्या दुकानातून हे निघत नाही.

आता उशीर. इथे संदेश बरोबर आहे. २०१६ च्या त्याच कायद्याचं कलम ८९ सांगतं की शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा आणि काहीही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावावा. नाही जमलं तर कारणांचा अहवाल कुलपती (म्हणजे राज्यपाल) आणि राज्य शासनाकडे जातो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने ही मर्यादा किती वाईट तऱ्हेने मोडली ते सगळ्यांनी पाहिलं. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका एकाच हंगामात संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं. स्कॅनिंग, प्राध्यापकांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष तपासणी एकमेकांच्या अंगावर आली. पुरवण्या मूळ उत्तरपत्रिकेपासून सुटल्या, काही सापडेनात. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. ज्यांचे पुढचे प्रवेश बुडाले त्यांना त्याने काही परत मिळालं नाही. तरीही सार्वजनिक कायद्याखाली कुलगुरूंची खुर्ची जाऊ शकते, हे त्या वर्षी दिसलं.

एरवीचा उशीर इतका नाट्यमय नसतो. उत्तरपत्रिका परीक्षा केंद्रावरून मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रात, म्हणजे ‘कॅप सेंटर’मध्ये जातात. तिथे बैठक क्रमांक झाकून गठ्ठे बनतात, परीक्षक तपासतात, नियामक (मॉडरेटर) काही प्रती पुन्हा पाहतो, मग गुण भरले जातात. गाडी अडते ती ठरावीक जागी. मंजूर पदं रिकामी, म्हणून तपासायला माणसं कमी. महाविद्यालयाने अंतर्गत गुण मुदतीत पाठवले नाहीत की विद्यार्थ्याचा निकाल राखून ठेवला जातो आणि शिव्या विद्यापीठाला पडतात. तिसरं कारण नवं आहे. श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात. मुख्य, दुय्यम, खुला वैकल्पिक, कौशल्य असे विषयांचे गट झाले आणि प्रत्येकाचा वेगळा संकेतांक. परीक्षा अर्जात एक संकेतांक चुकला की गुण येतात, पण त्यांना घर सापडत नाही. म्हणून अर्ज भरल्यावर छापील प्रत आपल्या विषयनिवडीशी ओळीनं ओळ ताडून पाहणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

गुण कमी वाटले तर घाईने पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरू नका. आधी छायाप्रत मागवा. तिच्यात तीन गोष्टी बघा: आतल्या गुणांची बेरीज मुखपृष्ठावरच्या आकड्याशी जुळते का, एखादं उत्तर न तपासता सुटलंय का, सगळ्या पुरवण्या जोडलेल्या आहेत का. यात चूक सापडली तर गुणपडताळणी पुरते. उत्तर तपासलंय पण गुण अन्यायाने कापलेत असं वाटलं, तरच पुनर्मूल्यांकन. विद्यापीठाने छायाप्रत द्यायला टाळाटाळ केली तर माहिती अधिकार आहे: उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रत पानाला २ रुपये, उत्तर ३० दिवसांत. मात्र हा हक्क उत्तरपत्रिका जपून ठेवण्याची मुदत असेपर्यंतच टिकतो. रद्दी झाल्यावर माहिती आयोगही काही करू शकत नाही.

‘खासगी विद्यापीठं तेच काम नीट करतात’

‘तेच काम’ या दोन शब्दांतच घोटाळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००३ च्या विनियमांनुसार खासगी विद्यापीठ एकात्म असतं. त्याला महाविद्यालयांना संलग्नता देता येत नाही. आपल्या आवारात आलेल्याला शिकवायचं, इतकीच त्याची जबाबदारी. सिरोंचातल्या किंवा अहेरीतल्या मुलीला घरी राहून पदवी घ्यायची असेल तर तिच्या महाविद्यालयाला अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी देणारं कुणीतरी लागतं. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी ते काम २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ करतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबारसाठी १९९० पासून आजचं बहिणाबाई चौधरी विद्यापीठ. १९८५ मध्ये स्वतःचं विद्यापीठ सुरू होईपर्यंत गोव्याची महाविद्यालयंही मुंबईलाच जोडलेली होती. ही नफ्याची कामं नाहीत, म्हणून ती करायला कुणी धावत नाही.

शिवाय शुल्क. व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅप फेरीतून (इथे कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) प्रवेश घेणाऱ्या आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य २०२४-२५ पासून पूर्ण भरतं. शासन निर्णयातून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. प्रवेशाच्या धांदलीत ही ओळ वाचायची राहते आणि सप्टेंबरमध्ये डोक्याला हात लागतो.

काही खासगी विद्यापीठांच्या प्रयोगशाळा उत्तम आहेत, निकालही पटापट लागतात. काही हजार विद्यार्थ्यांचा निकाल लावणं आणि मुंबई विद्यापीठासारखा सात जिल्ह्यांतल्या शेकडो महाविद्यालयांचा लावणं, यांची तुलना करणाऱ्याने एवढं तरी लक्षात घ्यावं.

‘बंद करा, पैसा शाळांना द्या’

शाळांना पैसा द्यायलाच हवा. पण विद्यापीठ बंद केल्याने तो सुटणार किती? अनुदानित महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांचे पगार विद्यापीठाच्या तिजोरीतून जात नाहीत. ते उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयामार्फत राज्य देतं. विद्यापीठाला शासनाकडून प्रामुख्याने त्याच्या मंजूर पदांचे पगार येतात. बाकीचा गाडा परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क आणि ठेवींच्या व्याजावर चालतो. म्हणजे दुकान म्हणून हिणवलं जातं ती परीक्षाच घरखर्च भागवते, ही खरी विकृती. १९९८ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेली, पुढे बरीच अभियांत्रिकी महाविद्यालयं लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे, काही स्वायत्त झाली. दर वेळी जुन्या विद्यापीठांचं उत्पन्न आटलं, इमारती आणि पेन्शन मात्र तिथंच राहिली.

या मुद्द्यासाठी संदेशात हल्ली महात्मा फुल्यांचा दाखला जोडतात. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी वरच्या वर्गाच्या शिक्षणावर सढळ हाताने खर्च आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची हेळसांड यावर कोरडे ओढले, हे खरंच. पण निवेदन पुढेही वाचावं. सरकारने शाळा-महाविद्यालयांतून अंग काढून घेऊ नये, असंही त्यांनी त्यात बजावलंय. घरी अभ्यास करणाऱ्यांना प्रवेश परीक्षेला बसू दिल्याबद्दल विद्यापीठाचं कौतुक करून बी.ए., एम.ए.लाही ती मुभा मागितलीय. बहिःस्थ पदवीची मागणी म्हणायची ती हीच.

‘आपल्या हातात काही नाही’

विद्यापीठाचा अर्थसंकल्प वित्त व लेखा समितीकडून व्यवस्थापन परिषदेत आणि तिथून अधिसभेत (सिनेटमध्ये) येतो. अधिसभा वर्षातून किमान दोनदा बसते. तिथे प्राचार्य, संस्थाचालक आणि शिक्षकांच्या जोडीला नोंदणीकृत पदवीधरांचे १० निवडून आलेले प्रतिनिधी असतात. त्यातल्या ५ जागा राखीव. निकालाच्या विलंबावर, रिकाम्या पदांवर, वसतिगृहाच्या पाण्यावर तिथे प्रश्न विचारता येतो आणि उत्तर इतिवृत्तात येतं.

मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. सात जिल्ह्यांतल्या लाखो पदवीधरांपैकी मतदार यादीत होते सुमारे तेरा हजार. हा संदेश पुढे ढकलणाऱ्यांतले किती जण त्या यादीत होते, असा प्रश्न पडतो.

नोंदणीची अधिसूचना निवडणुकीआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येते. मागच्या यादीत नाव होतं म्हणून नव्या यादीत आपोआप येईल, असं धरून चालू नका. गुणपत्रिका पुरत नाही, पदवी प्रमाणपत्र लागतं. दीक्षांत समारंभाच्या वेळी ते घ्यायचं राहून गेलं असेल तर आत्ताच अर्ज करा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत जोडा. तात्पुरती यादी लागली की नाव शोधा, आणि नसेल तर हरकतीची मुदत संपायच्या आत कुलसचिवांकडे लेखी हरकत देऊन पोच घ्या.