पगडी आधी, पाय नंतर

तुमच्याही शहरात मेट्रोची मागणी जोर धरते आहे असं ऐकलं. अभिनंदन. आम्ही पुणेकर या बाबतीत तुमच्या काही वर्षं पुढे आहोत, तेव्हा कुणी विचारलेलं नसलं तरी चार गोष्टी सांगून ठेवतो. नाशिककरांनी जरा लक्ष देऊन वाचावं. त्यांच्या टायरवर धावणाऱ्या मेट्रोला २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जागा मिळाली आणि ती अजून त्या अर्थसंकल्पातच धावते आहे. म्हणजे सुरुवात अगदी रीतसर झाली.

मुख्य म्हणजे घाई नको. मेट्रो वरून न्यायची की खालून, एवढ्या एका प्रश्नावर पाच-सहा वर्षं आरामात निघतात. आमच्या मेट्रोचा अहवाल २००९ च्या सुमाराला तयार होता, भूमिपूजन झालं डिसेंबर २०१६ मध्ये. मधल्या काळात सभा झाल्या, सादरीकरणं झाली, वर्तमानपत्रांना पत्रं गेली. शेवटी थोडी वरून, थोडी नदीपात्राच्या कडेनं आणि थोडी खालून असं ठरलं, त्यामुळे कुणालाच आपण चुकलो असं म्हणायची वेळ आली नाही. तोवर लोकांनी आपापल्या दुचाक्या घेऊन टाकल्या होत्या. त्याला इलाज नाही.

आराखड्यावर एक तरी रेघ अशी ठेवा, जी जमिनीवर कधी उतरायची नाही. आमच्याकडे १९८७ च्या विकास आराखड्यात शहराला वळसा घालणारा एक मार्ग आखलेला आहे, सार्वजनिक वाहतुकीसाठी. नाव एचसीएमटीआर. ही अक्षरं आम्हाला तोंडपाठ आहेत, त्यांचा अर्थ मात्र विचारू नका. दर काही वर्षांनी ती रेघ कपाटातून निघते, तिच्यावरची धूळ झटकली जाते, बातमी येते आणि रेघ परत कपाटात जाते. कागदावरच्या रस्त्याला खड्डे पडत नाहीत, हा फायदा लक्षात घ्या.

पुलांचं तंत्र थोडं निराळं आहे. पूल बांधताना इथून पुढे मेट्रो जाणार आहे, हा विचार मनात येऊ देऊ नका. आला तर पूल बांधून होत नाही. आम्ही विद्यापीठ चौकात झकास उड्डाणपूल बांधला. पंधरा वर्षंही झाली नसतील, तेवढ्यात तो मेट्रोच्या आड येतो असं लक्षात आलं आणि २०२० मध्ये, करोनामुळे गाव घरात बसलेलं असताना, तो पाडला. मग त्याच जागी खाली रस्ता, मधे पूल आणि वर मेट्रो असं तीन मजली काम काढलं. त्यातली पुलाची एक बाजू ऑगस्ट २०२५ मध्ये खुली झाली. एका चौकात दोनदा बांधकाम आणि एकदा पाडकाम. रोजगारनिर्मिती म्हणतात ती याला. मधली पाच वर्षं त्या चौकात अडकलेल्या माणसाला विचाराल तर तो काहीतरी वेगळं म्हणेल, पण नियोजनात त्याला विचारायची पद्धत नाही.

या बाबतीत मुंबईकडूनही शिकण्यासारखं आहे. अंधेरीला रेल्वेवरचा गोखले पूल पाडून नवा बांधला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू सुरू केली, तर शेजारचा बर्फीवाला पूल खाली आणि हा वर. मधे माणूस उभा राहील एवढी फट. मग जॅक लावून बर्फीवाला उचलला आणि काही महिन्यांनी दोघांची गाठ घालून दिली. मोनोरेल तर त्याहून पुढची. २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा अशी निघाली तेव्हा देशातली पहिली म्हणून कौतुक झालं. कौतुक बघायला लोक आले, प्रवास करायला फारसे आले नाहीत. ऑगस्ट २०२५ च्या पावसात लोकलची वाट बंद झाली म्हणून एकदाचे ते खरोखर प्रवासाला आले, तर गाडीला गर्दी झेपेना. ती मधेच थांबली आणि अग्निशमन दलानं शिड्या लावून माणसं उतरवली. सप्टेंबरपासून सेवाच थांबवली. रिकामी होती तोवर सगळं सुरळीत होतं.

देशातलं पहिलं असण्यात आम्हीही मागे नाही म्हणा. बसला स्वतंत्र मार्गिका देणारी बीआरटी २००६ मध्ये देशात प्रथम पुण्यात आली, कात्रज-स्वारगेट-हडपसर. त्या मार्गिकेत पुढे रिक्षा आल्या, दुचाक्या आल्या, टेम्पो आले, उलट्या दिशेनं येणारे आले आणि अधूनमधून बसही आली.

आता रूळ पडले असं समजू. सगळी लाइन पूर्ण व्हायची वाट बघू नका, जेवढी झाली तेवढी वाढून टाका. मार्च २०२२ मध्ये आम्ही वनाज ते गरवारे कॉलेज असे पाच किलोमीटर आणि पिंपरी ते फुगेवाडी असे सात किलोमीटर सुरू केले. दोन्ही तुकड्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, तो जुळला १ ऑगस्ट २०२३ ला. तोवर काय झालं? लोक आजी-आजोबांना आणि नातवंडांना घेऊन वनाजला चढले, गरवारेला उतरले, फोटो काढले आणि परत वनाजला आले. घरून निघून घरीच पोचायला तिकीट काढणारे प्रवासी सगळ्याच शहरांच्या नशिबी नसतात. स्टेशनांच्या नावांचाही फार विचार करू नका. आमचं भोसरी स्टेशन नाशिक फाट्याला होतं. भोसरीकर ते शोधत राहिले. पुढे नावच नाशिक फाटा केलं. स्टेशन हलवण्यापेक्षा पाटी हलवणं केव्हाही स्वस्त.

उद्घाटनाबद्दल मात्र चालढकल नको. मेट्रो तयार होणं आणि मेट्रो सुरू होणं यांच्यात मोठ्या पाहुण्यांची तारीख असते. नवी मुंबईत बेलापूर ते पेंधर मार्गाचं काम २०११ मध्ये निघालं. गाडी तयार झाली, सुरक्षेचा दाखला मिळाला, तरी ती नवरदेवाची वाट बघत मांडवात बसून राहिली. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये बिनासमारंभ सुरू केली आणि काय आश्चर्य, चाकं तरीही फिरली. आमच्याकडे स्वारगेटपर्यंतच्या भुयारी मार्गाचं उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ ला ठरलं होतं. त्या दिवशी जोराचा पाऊस आला आणि सोहळा रद्द झाला. पाऊस जमिनीवर, मेट्रो जमिनीखाली, तरी मेट्रोही थांबली. तीन दिवसांनी दूरचित्रसंवादानं हिरवा झेंडा दाखवला तेव्हा तिला मोकळं केलं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, स्टेशनचं डोकं. आमच्या डेक्कनच्या आणि संभाजी उद्यानाच्या स्टेशनांना मावळी पगडीच्या आकाराचं छत आहे. लांबून बघा, ड्रोननं बघा, छान दिसतं, खोटं कशाला बोलू. तुम्हीही फेटा, टोपी, मुंडासं, जे तुमच्याकडे चालत असेल ते घाला. पायांचं बघता येईल पुढे. स्टेशनातून उतरलेला माणूस चालत कुठे जाणार, हा प्रश्न नकाशावर दिसत नाही. नकाशात स्टेशन हा एक गोल ठिपका असतो आणि ठिपक्याला पदपथ नसतो.

माझंच सांगतो. घरापासून स्टेशन अडीच किलोमीटर, तिथे जाणारी बस लहरी. म्हणून मेट्रोनं जायचं तर आधी स्कूटर काढतो. स्टेशनखाली गाडी लावायला जागा नाही, म्हणून शेजारच्या गल्लीत एका बंगल्यासमोर लावतो. बंगल्याच्या फाटकावर गाडी लावणाऱ्यांसाठी सात ओळींचा मजकूर आहे, तो वाचूनही लावतो. वर गेलं की गारवा, स्वच्छता, वेळेवर येणारी गाडी. अकरा मिनिटं मी युरोपात असतो. मग जिना उतरतो. पहिल्या चार पावलांत रोहित्राची पेटी, पुढे अमृततुल्याचं काउंटर आणि त्याभोवती ग्लास धरून उभे असलेले आठ जण, पुढे गेल्या गणपतीतल्या मांडवाच्या खांबांचे खड्डे आणि मग ती फरशी. पावसाळ्यात पाय ठेवला की खालून पिचकारी मारते ती. नेमकी कुठली, हे पँट भिजल्यावर कळतं. पंधरा मिनिटं चाललं की ऑफिस. म्हणजे गाडीत अकरा मिनिटं आणि गाडीबाहेर पाऊण तास. तरी याला जलद वाहतूक म्हणायला माझी हरकत नाही, मधली अकरा मिनिटं खरंच जलद असतात.

परवा संध्याकाळी स्टेशनखाली एक काकू भेटल्या. हातात कापडी पिशवी, त्यातून दुधी डोकावत होता.

"अहो, मंडईला जायला मेट्रो आहे म्हणे. चढायचं कुठून?"

मी पलीकडे दाखवलं. "या बाजूची लिफ्ट बंद आहे. तिकडची चालू आहे."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. सहा पदरी रस्ता, मधे कठडा, सिग्नल पार पुढच्या चौकात.

"आणि पलीकडे जायचं कसं?"

मला काही सुचेना. तेवढ्यात एक रिक्षा कडेला थांबली. काकूंनी त्यालाच विचारलं, "समोरच्या लिफ्टपाशी सोडता का?"

रिक्षावाल्यानं समोर पाहिलं, काकूंकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "त्यासाठी पुढच्या चौकातून वळसा घ्यावा लागतो, मावशी. त्यापेक्षा थेट मंडईतच सोडतो. चला."

काकू बसल्या.