मोठं यंत्र आधी की वाळलेली थप्पी आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सरपणाचा आणि झाडं तोडण्या-छाटण्याचा छोटा धंदा सुरू करताना हायड्रॉलिक स्प्लिटर (तेलाच्या दाबाने लाकूड फोडणारं यंत्र) आणि चिपर (फांद्यांचा चुरा करणारं यंत्र) लगेच विकत घेऊ नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चांगलेच चिडलेले दिसता. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा भित्र्या माणसाचा सल्ला आहे. मोठं यंत्र दारात उभं राहिलं की काम आपोआप चालत येतं. लाकूड महिनोन्महिने थप्पीत ठेवणं म्हणजे भांडवल अडकवणं. झाड फुकट तोडून द्यावं, लाकूड आपलं करावं. आणि संरक्षक पँट, हेल्मेट हा सगळा दिखावा. शेवटी तुम्ही स्प्लिटर बुक केल्याचंही लिहिलं आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला योग्य वाटत नाही.

आधी यंत्राबद्दल. या धंद्यात वेळ फोडण्यात जातो असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो उचलण्यात जातो. एका ओंडक्याचा प्रवास बघा. झाड पडलं, तुकडे झाले, ते गाडीपर्यंत ओढले, गाडीत चढवले, आवारात उतरवले, फोडायला उचलले, फोडून बाजूला टाकले, थप्पीत रचले, वाळल्यावर पुन्हा गाडीत भरले, गिऱ्हाइकाकडे उतरवले. तेच लाकूड आठ-दहा वेळा हातातून जातं. ४० सेंटिमीटर व्यासाचा आणि एक मीटर लांबीचा ओला ओंडका घेतला तर तो सुमारे घनमीटरचा आठवा भाग होतो आणि जातीनुसार त्याचं वजन १०० ते १२५ किलो भरतं. यातली एक उचल कमी करणारी कुठलीही वस्तू, मग ती साधा चिमटा असो की उलटी होणारी ट्रॉली, स्प्लिटरच्या आधी स्वतःची किंमत वसूल करते.

स्प्लिटरच्या टनांबद्दलही बोललं पाहिजे, कारण तुम्ही 'जास्त टन म्हणजे जास्त काम' असं लिहिलं आहे. हायड्रॉलिक ताकद म्हणजे तेलाचा दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. १०० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि २०० बार दाब असेल तर साधारण १६ टन जोर मिळतो. तोच पंप, तोच दाब ठेवून सिलिंडर १२५ मिलिमीटरचा केला तर जोर २५ टनांपर्यंत जातो. जाहिरातीत हा आकडा ठळक असतो. पण मोठा सिलिंडर भरायला तेलही दीडपटीहून जास्त लागतं. मिनिटाला ३० लिटर तेल देणारा पंप पिस्टनची ६० सेंटिमीटरची धाव छोट्या सिलिंडरमध्ये साडेनऊ सेकंदांत पूर्ण करतो, मोठ्यात जवळजवळ पंधरा सेकंदांत. दोन टप्प्यांचा पंप असेल तर लाकूड अडेपर्यंतची धाव जलद होते, हे खरं. तरी मूळ हिशेब तोच राहतो: इंजिन तेच असेल तर जोर वाढतो तेव्हा वेग घटतो. सरळ रेषांचं, गाठी नसलेलं लाकूड १६ टनांत आरामात फुटतं. बेचक्याचं, गाठाळ लाकूड किती येतं, यावर तुमची गरज ठरवा.

आणि यंत्राने दहा सेकंदांत तुकडा फोडला, पण पुढचा तुकडा आणून ठेवायला माणसाला अर्धा मिनिट लागत असेल, तर वेगवान यंत्र वीस सेकंद नुसतं इंधन जाळत उभं राहतं. म्हणून मी खरेदीचा क्रम वेगळा सांगितला होता. तो पुन्हा सांगतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखच नाही. चांगली चेनसॉ (साखळीची यंत्रकरवत) आणि तिच्या चेनच्या मापाची कानस. ओंडका वाकून न उचलता फिरवता यावा म्हणून लांब दांड्याचा आकडा आणि उचलायचे चिमटे. पाचरी आणि घण. मग जाळीचे पिंजरे. मला या पिंजऱ्यांचं फार महत्त्व वाटतं. फोडलेलं लाकूड थेट पिंजऱ्यात पडतं, त्याच पिंजऱ्यात वाळतं आणि फोर्कने उचलून त्याच पिंजऱ्यातून गाडीत जातं. रचणं आणि पुन्हा भरणं, हे दोन सगळ्यात थकवणारे टप्पे गळून पडतात. ज्याच्याकडे पिंजरे आणि ते उचलायची सोय आहे, त्याला स्प्लिटर खरा उपयोगी पडतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या आवारात फोडलेल्या लाकडाचा ढीग साचतो, खालचं लाकूड ओलंच राहतं आणि त्याला बुरशी धरते.

'कानस घासत बसण्यापेक्षा नवी चेन टाकावी' हे तुमचं वाक्य मला पटलं नाही. चेनला धार आहे तोवर करवतीतून ढलप्या पडतात. पीठ पडायला लागलं की धार गेली. मग माणूस करवत दाबायला लागतो, बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) तापतो, इंधन जास्त जातं, कट वाकडा जातो. योग्य जाडीची कानस घेऊन प्रत्येक दाताला सारखे दोन-तीन हात मारायला फार वेळ लागत नाही. दातापुढचा खोली ठरवणारा उंचवटा मात्र लोक विसरतात. बऱ्याच चेनवर तो दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा लागतो. दात घासून घासून खाली येतो, उंचवटा तिथेच राहतो, आणि धार असूनही चेन लाकूड खात नाही. अशा चेन 'संपल्या' म्हणून फेकल्या जातात. उलट हा उंचवटा बेताल घासला तर चेन हिसके मारते आणि धोकादायक होते, म्हणून तिथे मापपट्टीच वापरा.

आता भांडवल अडकण्याचा मुद्दा. यावर माझं मत ठाम आहे: ओलं लाकूड हा अजून माल झालेला नसतो. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. असं एक किलो लाकूड जाळलं तर साधारण ८ मेगाज्यूल उष्णता हाती लागते. तेच २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेलं असेल तर किलोमागे १४ मेगाज्यूलच्या आसपास. शिवाय ओल्या लाकडाची आग थंड राहते, वायू पूर्ण जळत नाहीत, धूर होतो आणि धुराड्यात डांबरासारखा पेट घेणारा थर बसतो. गिऱ्हाईक पैसे उष्णतेचे देतो. त्याला निम्मं पाणी विकलं तर तो पुढच्या वेळी येत नाही. त्याचं काही चुकत नाही.

वजनावर विकणाऱ्यांची अडचण मला समजते. अर्धं पाणी असलेलं एक टन लाकूड २० टक्क्यांवर आलं की ६२५ किलो उरतं. म्हणजे नीट वाळवणाऱ्याच्या तराजूवरून ३७५ किलो उडून जातात आणि वाळवून न देणारा फायद्यात राहतो. यावर उपाय म्हणजे रचलेल्या मापावर, घनमीटरने विकणं, आणि रचलेलं की नुसतं ओतलेलं ते गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगणं. ओतलेल्या घनमीटरात लाकूड बरंच कमी आणि पोकळी जास्त असते.

ओलावा मोजताना तुकडा मधून नव्याने फोडा आणि आतल्या ताज्या पृष्ठावर मीटरच्या सुया लावा. बाहेरची बाजू नेहमी खोटं सांगते. मीटर कुठल्या पद्धतीने टक्के दाखवतो हेही बघा. अनेक मीटर कोरड्या लाकडाच्या वजनावर टक्के काढतात. त्यांच्या पडद्यावरचे २५ म्हणजे एकूण वजनाच्या हिशेबात २० टक्के.

वाळायला लागणारा वेळ तुमच्याच हातात बराचसा आहे. लाकडातलं पाणी आडव्या दिशेपेक्षा रेषांच्या दिशेने, म्हणजे तुकड्याच्या टोकांतून, कितीतरी पट वेगाने बाहेर पडतं. साल ते अडवते. म्हणून आखूड कापलेलं आणि लगेच फोडलेलं लाकूड लवकर वाळतं, आणि अख्खा ओंडका सालीसकट वर्षभर पडला तरी आतून ओला निघतो. थप्पी जमिनीपासून वर, वारा आरपार जाईल अशी, आणि वरूनच झाकलेली हवी. ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळली तर पाणी आत कोंडलं जातं. भांडवल लवकर मोकळं करायचं असेल तर पैसे आधी या व्यवस्थेत घाला.

चिपरबद्दल तुमचं म्हणणं मला बऱ्याच अंशी मान्य आहे. छाटणीच्या कामात फांद्यांचं वजन कमी आणि पसारा प्रचंड असतो, गाडी हवेनेच भरते. कामाचे दिवस सलग असतील तर चिपरशिवाय गत्यंतर नाही. पण तो विकत घ्यावा की भाड्याने आणावा, हे तासांवर ठरतं. खरेदीची किंमत, त्यातून पुढे विकताना येईल ती रक्कम वजा करा, त्यात व्याज, विमा, पाती आणि दुरुस्ती मिळवा, आणि यंत्र खरोखर चालेल त्या तासांनी भागा. हा आकडा भाड्यापेक्षा खाली आला की बेलाशक घ्या.

झाड फुकट तोडून द्यायची कल्पना मात्र मला घातक वाटते. फुकट तोडायला मिळणारी झाडं बहुतेक वेळा ढोली असलेली, कललेली, भिंतीला किंवा तारांना खेटलेली असतात. तिथे जोखमीचे पैसे घ्यायचे असतात, आणि ती जोखीम ओल्या लाकडाच्या ढिगाने भरून निघत नाही. त्या ढिगावर अजून दहा उचली बाकी आहेत. दुसरं असं की लाकूड हीच मजुरी ठरली की हात जास्त कापायला लागतो. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की झाड आपल्यासारखी जखम भरून काढत नाही, ते जखमेभोवती भिंती उभारून कुज कोंडून ठेवतं. फांदीच्या बुडाशी असलेला फुगीर भाग राखून कापलं तर झाडाला हे जमतं. शेंडाच उडवला किंवा फांदी खोडाला घासून कापली, तर कुज खोडात शिरते. मालकाने आपल्याला झाड वाचवायला बोलावलेलं असताना सरपण वाढावं म्हणून जास्त कापणं ही मला फसवणूक वाटते.

आणि दिखाव्याचा मुद्दा. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला तरी टेकला की करवत उसळून तोंडाकडे येते. हे माणसाचा हात हलायच्या आत घडतं, तिथे अनुभव कामाला येत नाही. म्हणून चेन ब्रेक (अशा वेळी चेन झटकन थांबवणारा ब्रेक) चालू स्थितीत हवा आणि रोज तपासलेला हवा. संरक्षक पँटच्या आत लांब, चिवट धागे असतात. ते ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) गुंडाळतात आणि चेन अडवतात. वर्ग १च्या पँटची चाचणी सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनवर होते, वर्ग २ची २४ आणि वर्ग ३ची २८ मीटरवर. कानांचं म्हणाल तर ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसणं ही सर्वसाधारण मर्यादा मानतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं, आणि पूर्ण वेगातली पेट्रोल चेनसॉ सहसा त्याच्याही वर असते. तुमच्याकडे कामाला माणसं आहेत असं तुम्ही लिहिलंत. स्वतःबद्दल काय ठरवायचं ते ठरवा, पण त्यांना हे सामान दिल्याशिवाय करवत देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

स्प्लिटर आता येणारच आहे, तर दोन गोष्टी पाळा. ओंडका ठेवणारा आणि यंत्र चालवणारा दांडा ओढणारा माणूस एकच असू द्या. एकाने धरायचं आणि दुसऱ्याने दांडा ओढायचा, या पद्धतीत बोटं जातात. आणि होजमधून (तेलाच्या नळीतून) तेल फवारतंय अशी शंका आली तर हात फिरवून बघू नका. इंजिन बंद करा, दाब सोडा आणि मगच होज तपासा. त्या दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण ताबडतोब रुग्णालय गाठलं नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो.

यंत्राला तास-मीटर असेल तर पहिल्या महिन्यात एक नोंद ठेवा: इंजिन किती तास चाललं आणि त्यातले किती तास पाचर खरोखर लाकडात होती. ते दोन आकडे इथे लिहिलेत तर आपल्याला पुढचं नीट बोलता येईल.