टेन्शन घेऊ नका, पुढचे या!

अभिनंदन! पाटी लागली, दवाखाना सुरू झाला. आता पन्नाशीच्या आसपासची माणसं रिपोर्टांच्या पिशव्या घेऊन येतील आणि हृदयविकारापासून लांब कसं राहायचं ते तुम्ही त्यांना शिकवावं, अशी अपेक्षा धरली जाईल. घाबरून जाऊ नका. शिकवल्यासारखं दिसलं की पुरतं.

आधी वेळेचं बघू. डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतात याचा 67 देशांचा हिशेब 2017 साली प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये सरासरी 22.5 मिनिटं, बांगलादेशात 48 सेकंद. आपण 2 मिनिटांच्या आसपास, म्हणजे शेजाऱ्यांपेक्षा बरे. तेवढ्यात बीपी बघायचं, रिपोर्ट चाळायचे, मध्येच आलेला फोन घ्यायचा आणि वर शिकवायचंही. म्हणून एक मंत्र पाठ करून ठेवा : ‘तेलकट-तुपकट बंद, मीठ कमी, रोज चाला, वजन उतरवा, टेन्शन घेऊ नका.’ शेवटचे तीन शब्द घंटी वाजवता वाजवता म्हणावेत. सोयाबीनला भाव नाही आणि पोरीचं लग्न तोंडावर आलंय, हे समोरच्याच्या तोंडून बाहेर पडायच्या आत पुढचा पेशंट खुर्चीत बसलेला असला पाहिजे.

आकडे सांगण्याच्या भानगडीत पडू नका. दिवसाचं सगळं मीठ मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे बोलून दाखवलंत तर माणूस हिशेबाला बसेल आणि पापड, लोणचं, फरसाण, ब्रेड असं एकेक त्या चमच्यात मोजायला लागेल. नुसतं ‘मीठ कमी’ म्हणा. तो ताटात वरून मीठ घेणं सोडेल, जेवण अळणी लागतं म्हणून लोणच्याची फोड वाढवून घेईल, आणि दोघंही समाधानी. ‘आम्ही सैंधव खातो’ असं कोणी म्हणालंच तर कौतुकाने मान हलवा. सैंधवातही सोडियमच असतं, हे त्याला सांगून वाईटपणा कशाला घ्या?

तंबाखूची चौकशी मात्र केलीच पाहिजे, फॉर्मवर तसा रकानाच असतो. कागदावरून मान न उचलता विचारा, “स्मोकिंग?” तो म्हणेल, “नाही.” खरंच बोलतोय बिचारा. त्याच्या खिशात तंबाखूची पुडी आहे, चुन्याची डबी आहे, डाव्या तळव्यावर घासून घासून पिवळट डाग पडलाय. पण तुम्ही विचारलं स्मोकिंगचं, आणि विडी त्याने आयुष्यात ओढलेली नाही. चघळलेल्या तंबाखूनेही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. गुटख्याचं तर विचारायलाच नको. महाराष्ट्रात त्यावर 2012 पासून बंदी आहे, तेव्हा तो कोणी खात नसणारच. त्याच्या बायकोला तर काहीच विचारू नका. बाईमाणूस आणि तंबाखू! ती सकाळ-संध्याकाळ मिशरी लावते, तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली. विचारलंत तरी म्हणेल, “तंबाखू नाही हो डॉक्टर, नुसते दात घासते.” या उत्तरावर खरं तर अर्धा तास बोलायला हवं. तुम्ही रकान्यात ‘निल’ लिहा.

चुकून कोणी कबूल झालाच तर ‘सोडून द्या’ एवढं पुरे. पहिले काही दिवस चिडचिड होते, हात खिशाकडे जातो, त्यासाठी निकोटीनची गोळी मिळते, हे सांगत बसू नका. विडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जास्तीचा धोका निम्म्यावर येतो, हे तर अजिबातच नाही. माणसाला हुरूप यायचा.

आता आहार. ज्याने उभ्या जन्मात स्वतःचा चहा टाकला नाही, त्याला एकट्याला आत घेऊन स्वयंपाकाचं सांगावं. बाहेर बाकड्यावर पिशवी धरून बसलेल्या त्याच्या बायकोला हाक मारलीत की संपलं. ती सरळ विचारणार, “तेल कमी म्हणजे किती?” मग आली आकडेमोड. माणशी महिन्याला अर्धा लिटर. घरात चार माणसं, म्हणजे दोन लिटर. पाच लिटरचा कॅन अडीच महिने पुरला पाहिजे. ती गप्प होईल, बोटं मोजेल आणि म्हणेल, “आमच्याकडे तीन आठवड्यांत संपतो.” झालं! मिनिटभरात बाईला सगळं समजलं, घरी जाऊन ती कॅनवर तारीखही लिहील, आणि तुमचा छापील डाएट चार्ट पडून राहील. चार्ट छानच आहे तुमचा : ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल, सामन मासा, वर लॅमिनेशन. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी यांना त्यात जागा देऊ नका. घरचंच खायचं तर तुमची फी कशाची?

व्यायामाला आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं, एवढं एकदा पुटपुटलं की झालं. बायका ‘दिवसभर उभीच असते मी’ म्हणतात, त्यावर हसायचं असतं.

गोळ्यांच्या बाबतीत मौन बरं. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीने, एलडीएल हे वाईट कोलेस्टेरॉल खाली आलं की रिपोर्ट बघून म्हणा, “नॉर्मल आहे.” नॉर्मल गोळीमुळे आहे, हे वाक्य गिळून टाका. तो घरी जाऊन गोळी आपोआप बंद करेल. तिची जागा घ्यायला व्हॉट्सॲपवर काढा तयारच असतो : आल्याचा रस एक कप, लसणाचा एक, लिंबाचा एक, ॲपल सायडर व्हिनेगर एक. उकळवा, मध घाला, रोज रिकाम्या पोटी तीन चमचे. त्या काढ्याने ब्लॉकेज निघत नाहीत, पण त्या निरोपाकडून शिकण्यासारखं बरंच आहे. माप आहे, वेळ आहे, कृती आहे, आणि ‘आमच्या साडूचं बायपास टळलं’ हा दाखलाही आहे. तुमच्या मंत्रात यातलं काय होतं?

52 देशांत झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं, की पहिल्या झटक्याचा 90 टक्क्यांच्या आसपास धोका नऊ गोष्टींत सामावतो. त्या बहुतेक हातातल्या आहेत : तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट वगैरे. आणि आपल्याकडच्या माणसाला तो झटका सरासरी 53व्या वर्षी गाठतो, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. हे सांगू नका. ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून तो निवांत बसलाय, त्याला कशाला उठवा? स्टेंट, म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या नळीत जाळी, बसलेल्याला तर आधीचं आणि नंतरचं चित्र दाखवून सोडून द्या. उघडली ती एक जागा, आजार सगळ्याच नळ्यांत आहे, हे कळलं तर तो पथ्यबिथ्य पाळायला लागेल.

एवढं करूनही एक धोका उरतोच, तो म्हणजे वॉर्डातली एखादी जुनी सिस्टर. डिस्चार्जच्या दिवशी ती स्टूल ओढून कॉटशेजारी बसते आणि म्हणते, “काका, आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर काय काय करणार?” काका सांगायला लागतात, दोन गोळ्या एक करून टाकतात, ती थांबवते, पुन्हा म्हणायला लावते. काकूंना मिशरीचंही विचारते, आणि काकू तिला खरं सांगतात. अशा माणसांचं पुन्हा ॲडमिट होणं कमी होतं, व्यवसायाला हे परवडत नाही. शिवाय बिलात समजावून सांगण्याची ओळच नसते, तेव्हा तिची ही पंधरा मिनिटं कुठे दाखवणार? तिची ड्यूटी बदला. बिलिंग काउंटरला माणूस कमीच आहे.