टोपी काळी दिसते, पण ती पिवळीच आहे

साहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि तिथल्या तिथे उत्तर लिहायला बसलो. चार ओळी झाल्यावर थांबलो, कारण तुमच्या एका मुद्द्याचं उत्तर चौकट उघडल्याशिवाय देता येणार नव्हतं. आज सकाळी ती उघडली. म्हणून उशीर झाला, आणि उत्तरही लांबलं आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर मला एक लाकडी चौकट मिळाली. आत गणवेशातल्या पोलिसाचा फोटो आणि त्याखाली मखमलीवर लावलेली तीन पदकं. मी फोटोखाली लिहिलं, ‘मुंबई शहर पोलिसातले हवालदार, त्यांच्या तीन पदकांसह’. यावर तुम्ही, म्हणजे जिल्हा पोलिसात आयुष्य काढलेल्या निवृत्त फौजदारांनी, माझी चांगली झडती घेतलीत. कोट फिका दिसतो म्हणजे तो खाकी, म्हणजे माणूस जिल्ह्याचा. मुंबईच्या शिपायाची टोपी पिवळी असायची, ही तर काळी आहे. बाहीवर फिती नाहीत तरी मी हवालदार म्हणतो. छातीवरचं पदक किंग्ज पोलिस मेडल, म्हणजे शौर्याबद्दल किंवा विशेष सेवेबद्दल पोलिसाला मिळणारं पदक आहे, ते मी दिल्ली दरबाराचं, म्हणजे पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या सोहळ्याचं ठरवलं. आणि फोटोतला माणूस व पदकांचा धनी एकच, हे कशावरून? शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘डोळ्यांना दिसतं ते लिहा.’

अडचण नेमकी तिथेच आहे. त्या काळी फोटो रसायन लावलेल्या काचेवर काढत, आणि त्या काचेला आपल्या डोळ्यांसारखं दिसत नव्हतं.

तुमच्या घरात आजीचा किंवा पणजीचा जुना फोटो असेलच. तिच्या कपाळावरचं कुंकू बघा. काजळाचं बोट लावावं तसं काळंभोर दिसतं. कुंकू लालच होतं, पण जुन्या काचेला लाल रंग दिसायचाच नाही. म्हणूनच स्टुडिओच्या अंधारखोलीत लाल दिवा बिनधास्त लावता यायचा. त्या काचेवर निळा रंग असतो त्यापेक्षा उजळ उतरतो, लाल काळा पडतो, आणि साध्या काचेवर पिवळाही काळवंडतो. सगळे रंग बऱ्यापैकी पकडणाऱ्या काचा १९०६च्या सुमारास बाजारात आल्या खऱ्या, पण नुसत्या आल्या म्हणून गल्लीतला फोटोग्राफर त्या वापरायला लागत नाही. त्या महाग होत्या आणि वर लाल दिव्याची सोयही जात होती.

तेव्हा या फोटोची काच कुठल्या जातीची, हे आधी ठरवायला हवं. त्याचा पुरावा फोटोतच आहे, छातीवरच्या रिबनीत.

मी फोटो स्कॅन करून मोठा करून पाहिला. पदक अंगठ्याच्या नखाएवढंही नाही, पण रिबन स्वच्छ आहे. मध्यम करड्या पट्टीवर अगदी मध्याजवळ दोन बारीक उभ्या काळ्या रेघा. दोन्ही कडा करड्याच, कुठेही पांढरी किनार नाही. १९११च्या दिल्ली दरबार पदकाची रिबन गडद निळी, मध्ये दोन बारीक लाल रेघांची. निळं करडं झालं आणि लाल काळं पडलं, म्हणजे काच लाल न दिसणारी. किंग्ज पोलिस मेडल १९०९ साली सुरू झालं. त्याची रिबन गडद निळी आणि तिला दोन्ही कडांना रुपेरी पट्टे. १९१६पासून मध्येही एक रुपेरी पट्टा आला. रुपेरी रंग कुठल्याही काचेवर उजळच उतरतो, तो काळा कसा पडेल?

मापही घेतलं. दरबारचं पदक ३८.५ मिलिमीटरचं आणि रिबन ३२ची, म्हणजे पदकाची रुंदी रिबनीच्या सव्वापटीपेक्षा थोडी कमी. स्कॅनमध्ये रिबन ४० पिक्सेल भरली, पदक ४८. किंग्ज पोलिस मेडल ३६ मिलिमीटरचं आणि त्याची रिबनही जवळपास तेवढीच, तिथे असा फरक पडला नसता. शिवाय सुरुवातीच्या नियमाप्रमाणे ते पदक अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात वर्षाला जास्तीत जास्त ५० जणांना मिळायचं. दरबारची चांदीची पदकं सुमारे ३०,००० वाटली गेली. साध्या शिपायाच्या छातीवर यातलं कुठलं असण्याची शक्यता जास्त, ते तुम्हीच सांगा.

आता कोट. तुमचं म्हणणं मनावर घेऊन मी एक खटाटोप केला. घरात खाकी कापडाचा तुकडा होता, एक नवं नेव्ही ब्लू कापड आणून ठेवलं, आणि तिसरा मुलाच्या जुन्या शाळेच्या पँटचा, धुऊन धुऊन विटलेला निळा तुकडा. बाजूला पिवळा रुमाल. उन्हात मोबाइलवर रंगीत फोटो काढला आणि संगणकावर त्यातला फक्त निळा चॅनल, म्हणजे निळ्या प्रकाशाची तेवढी नोंद ठेवली. जुन्या काचेची ही अगदी हुबेहूब नक्कल नव्हे, पण कल्पना येते. खाकी चांगलीच काळवंडली. नवं निळं तिच्या जवळपास आलं आणि विटलेलं निळं तिच्यापेक्षा उजळ निघालं. रुमाल सगळ्यांत काळा! घरच्यांनी विचारलं, सकाळी सकाळी हे काय चाललंय. मी म्हटलं, पंचनामा.

म्हणजे कोट फिका दिसतो, हे खाकीच्या बाजूचं नाही, उलट विटलेल्या निळ्याच्या बाजूचं बोलणं झालं. आणि टोपी काळी दिसते म्हणूनच ती पिवळी असू शकते. टोपीचा आकारही बघा. गोल, चपटी, कपाळावर घट्ट बसलेली. निळा कोट आणि अशी पिवळी टोपी ही मुंबईच्या शिपायाची ओळख पुढे कित्येक वर्षं टिकली. माझ्या लहानपणी वडीलधारी माणसं पिवळ्या टोपीची भीती घालायची, तेव्हा ती टोपी रस्त्यावरून जवळजवळ गेलेली होती.

शहर आणि जिल्हा हा भेद नुसता कपड्यांचा नव्हता, हे तुम्हाला मी सांगायला नको. जिल्ह्यांना १८९०चा कायदा, मुंबई शहराला १९०२चा वेगळा, आणि शहराचे आयुक्त वेगळे. दोन्हींना एकत्र बांधणारा मुंबई पोलिस कायदा आला तो थेट १९५१ साली. तुमच्या आजोबांचा जो फोटो तुम्ही सोबत पाठवलात तो खाकीतलाच आहे यात मला शंका नाही. त्यांची पगडी बघा आणि ही टोपी बघा. मी तो फोटो तुमच्या परवानगीशिवाय इथे लावत नाही.

फितींबद्दल तुमचं बरोबर, शंभर टक्के. फोटोतला माणूस शिपाई आहे. पट्ट्यावर बक्कल नंबर आहे, त्यातले शेवटचे दोन आकडे वाचता येतात, पहिले चकाकीत गेलेत. हवालदार हा शब्द मी पदकाच्या कडेवरून उचलला आणि फोटोवर चिकटवला. तीन पदकांपैकी फक्त इंडियन पोलिस मेडलच्या कडेवर नाव कोरलेलं आहे, हुद्दा हेड कॉन्स्टेबल, म्हणजेच हवालदार, आणि पुढे बॉम्बे सिटी पोलिस. (नाव मुद्दाम दिलं नाही. त्यांचे वारस कुठे असतील तर त्यांना ते आधी कळावं, चोरबाजारातल्या चौकटीवरून नव्हे.) हे पदक १९३२ साली सुरू झालं आणि यावर पंचम जॉर्जचा मुखवटा आहे. मी मनात गणित मांडलं: १९१२च्या आसपास तिशीतला शिपाई, वीस वर्षांनी हवालदार, निवृत्तीच्या तोंडावर पदक. जमतंय की! जमतंय म्हणून तसंच घडलं असं मी लिहून बसलो.

चौकटीतलं दुसरं पदक दरबारचं, त्यावर नाव कोरत नसत. तिसरं १९३५च्या ज्युबिलीचं, म्हणजे पंचम जॉर्जच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचं, त्यावरही नाही. म्हणजे ही दोन्ही पदकं कोणाचीही असू शकतात, आणि फोटोत जे पदक दिसतं ते चौकटीतलंच आहे असं म्हणायला आधार नाही.

म्हणून आज चौकट उघडली. मागच्या पुठ्ठ्याचे खिळे चकचकीत, एकालाही गंज नाही. पदकं मखमलीला स्टीलच्या नव्या सेफ्टी पिनांनी टोचलेली. ती काढली आणि खालची मखमल खिडकीत नेऊन पाहिली. पदकं वर्षानुवर्षं तिथे असती तर त्यांच्याखालचे तीन गोल बाकीच्या कापडापेक्षा गडद राहिले असते. तसा एकही गोल नाही. मखमल सगळीकडे सारखी आहे, आणि खरं तर ती मखमल नाहीच, सोफ्याला लावतात ते नायलॉनचं कापड आहे. फोटोचा पुठ्ठा मात्र जुना. त्याच्या कडेला आधीच्या, मोठ्या चौकटीचा पिवळट पट्टा उमटलेला आहे.

तेव्हा ही जोडी दुकानदाराने जमवलेली आहे, किंवा त्याच्याही आधीच्या कोणीतरी. दोन्ही वस्तू मुंबई शहर पोलिसातल्या असल्यामुळे तिघाचौघांच्या घरांतून आलेलं सामान एका चौकटीत बसवणं सोपं गेलं असणार. मी पैसे दिले ते ‘घराण्याचा सेट’ या दोन शब्दांचे. किती दिले ते सांगत नाही, तुम्ही हसाल.

इंग्रजांच्या नोकरांची पदकं कशाला मिरवता, हा तुमच्या खालच्या दुसऱ्या वाचकांचा प्रश्न आहे. त्यावर वेगळं लिहीन. इथे आपण टोपीचा रंग ठरवतोय.

मूळ लेखातली ओळ बदलली आहे. आता ती अशी: ‘मुंबई शहर पोलिसातला शिपाई, छातीवर १९११चं दिल्ली दरबार पदक. खालची तीन पदकं स्वतंत्र, त्यातलं एक त्याच दलातल्या एका हेड कॉन्स्टेबलचं.’ जुनी ओळ खोडून तशीच खाली ठेवली आहे, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला कळेल की ती कशावर होती.

एक विनंती. बक्कल नंबरातले ते दोन आकडे ३ आणि ७ आहेत की ३ आणि १, यावर घरात एकमत होत नाहीये. मोठा स्कॅन तुम्हाला मेलवर पाठवला आहे. तुम्ही आयुष्यभर बक्कल वाचलेत, जरा बघून कळवा.