खरी गोम

गणपतीत सुहास पुण्याहून आला की मोती तलावाच्या कठड्यावरचा आमचा कट्टा पुन्हा भरतो. एरवी मी आणि नंदू दोघंच. नंदू डिश बसवतो, टीव्ही दुरुस्त करतो, आणि सावंतवाडीत कुणाकडे कुठला टीव्ही आहे हे त्याला तोंडपाठ असतं. यंदा मास्तरही होते, आणि पणजीहून माहेरी आलेली मृणाल. वादाला कारण झाला तिचा पेन ड्राइव्ह.

झालं असं की मृणालने आजीच्या गावच्या मिठागरांवर अर्ध्या तासाची फिल्म केली. आवाजाचे ट्रॅक दोन. एकात आजी स्वतः बोलते, गोव्याच्या कोंकणीत. दुसऱ्यात मृणालचं मराठी निवेदन. फिल्म घरच्या नव्याकोऱ्या टीव्हीवर लावली, तर यादीत पहिला ट्रॅक ‘अज्ञात’ आणि दुसरा ‘मराठी’. वर टीव्हीने आपल्याच मनाने मराठी सुरू करून टाकलं. पाटावर बसलेल्या आजीने विचारलं, “म्हजो आवाज खंय गेलो?”

“फाइल खराब आसतली,” नंदू म्हणाला.

सुहासने लॅपटॉप मांडीवर घेऊन फाइल उघडली. फाइल ठणठणीत होती. कोंकणी ट्रॅकवर मृणालने लेबल लावलं होतं तीन रोमन अक्षरांचं: जी, ओ, एम.

“गोम?” मास्तर दचकले.

“हो, गोमच,” सुहास म्हणाला. “भाषांचे संकेत असतात ना. मराठीचा दोन अक्षरी एमआर, तीन अक्षरी एमएआर. १९९८च्या तीन अक्षरी यादीत कोंकणीला एकच संकेत होता, केओके. २००७ साली मोठी यादी आली, तिच्यात गोव्याच्या कोंकणीला जीओएम मिळाला, दुसऱ्या कोंकणीला केएनएन, आणि केओके ही दोघींची छत्री झाली. आपली अहिराणी, वऱ्हाडीसुद्धा आहे त्या यादीत. हा टीव्ही मात्र १९९८च्या यादीवरच बसलाय.”

नंदूचा उपाय तयार होता. लेबल बदलून केओके करा, टीव्हीला कळेल, आजी खूश. त्याच्या धंद्यात हेच चालतं, गिऱ्हाइकाचं काम झालं पाहिजे. मृणाल मात्र उसळली. “टीव्हीला वाचता येत नाही म्हणून मी आजीची भाषा मोघम लिहू? उद्या कुणी गोव्याची कोंकणी शोधायला बसलं तर माझी फिल्म त्याला सापडेल का?”

मला दोघांचंही पटत होतं. कट्ट्यावर ही सगळ्यात वाईट अवस्था.

सुहास आता रंगात आला. त्याचं म्हणणं, दोष टीव्ही करणाऱ्याचा. जगातल्या सगळ्या भाषांचे संकेत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. ती आयाना ही संस्था सांभाळते आणि ती कुणालाही फुकट मिळते. त्याने आम्हाला ती दाखवलीच. पहिल्या ओळीत तारीख, मग % ची जोडी, मग एक नोंद, परत % ची जोडी, पुढची नोंद. मराठीची नोंद पाच-सहा ओळींची: प्रकार भाषा, संकेत एमआर, नाव, भर घातल्याची तारीख १६ ऑक्टोबर २००५, आणि शेवटी एक सूचना की लिपी देवनागरीच धरा, वेगळी लिहायची गरज नाही. “बघा, वहीसारखी फाइल. कंप्युटरला ही माहिती अपडेटबरोबर येते, फोनला येते. टीव्हीलाही यायला पाहिजे. रोज रात्री उतरवून घ्यायची!”

“रोज रात्री?” नंदू हसायला लागला. “मेल्या, आंबोलीक चल माझ्याबरोबर. पावसात तिथं डिशीक सिग्नल नाय, तुझी फाइल कित्यातसून येतली? आनी अपडेट अर्ध्यात आसताना लाइट गेली, की गिऱ्हाईक माका फोन करता, तुका नाय.”

ही धमकी पोकळ नव्हती. अपडेट चालू असताना वीज गेली म्हणून फक्त लाल दिवा लुकलुकवणारे डिशचे दोन डबे, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, मी त्याच्या दुकानात पाहिले आहेत. तीन अक्षरांपायी चालता टीव्ही कोमात घालायचा, हे नंदूला कुठल्याच जन्मात पटणार नाही.

रोज फाइल उतरवण्याचा दुसरा धोका मी सांगितला, कारण हा किस्सा मला फार आवडतो. वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरवर अशाच काही साध्या, वर्षानुवर्षं न बदलणाऱ्या फाइली आहेत. २००८ साली त्यांनी जाहीर सांगितलं की या फाइलींसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येतात. माणसं मागत नव्हती, जगभरचे प्रोग्राम मागत होते. एकदा घेतलेली फाइल जपून ठेवायचं कुणी त्यांना शिकवलंच नव्हतं. शेजाऱ्याकडे रोज तेच पंचांग मागायला जाण्यातला प्रकार.

“मग टीव्हीत कारखान्यातूनच भरून द्या सगळी यादी,” मास्तर म्हणाले. “जागा किती लागेल?”

सुहासने बोटांवर हिशेब केला. आठ हजार भाषा धरा, प्रत्येकीची तीन अक्षरं, म्हणजे २४ हजार बाइट. चिमूटभर. पण नुसते संकेत दाखवून गिऱ्हाईक खूश होत नाही, नावं लागतात. ती टीव्हीवरच्या प्रत्येक भाषेत लागतात. रोमनमध्ये मराठीचं नाव सात अक्षरं, सात बाइट. तेच देवनागरीत ‘मराठी’ लिहायला पंधरा बाइट, कारण म, र, काना, ठ, वेलांटी, प्रत्येकाला तीन. आठ हजार नावं पंचवीस भाषांत लिहिली की मेगाबाइटवर गोष्ट जाते, आणि कारखान्यातला माणूस म्हणतो, काढा ती फालतू नावं. आजीची कोंकणी त्या फालतूत जाते.

मास्तर बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, “यादी जुनी झाली की चुकीची होते का रे?”

सुहास थांबला. मला वाटतं त्या संध्याकाळचा खरा प्रश्न हाच होता.

कारण उत्तर आहे, नाही होत. आयानाच्या त्या फाइलीतून काहीही पुसत नाहीत. संकेत बाद झाला तरी नोंद राहते, तिच्यावर ‘आता हा वापरू नका’ असा शेरा पडतो. हा नियम ठेचा खाऊन आलाय. भाषेच्या संकेताला देशाचाही संकेत जोडतात. त्यातला सीएस आधी चेकोस्लोव्हाकियाचा होता. तो देश १९९३ साली फुटला आणि २००३ साली तीच दोन अक्षरं सर्बिया-माँटेनेग्रोला देऊन टाकली. जुन्या कागदावरचा सीएस म्हणजे प्राग की बेलग्रेड, सांगा आता! भाषांचे संकेत वापरणाऱ्यांनी त्यानंतर स्वतःची वेगळी नोंदवही, म्हणजे हीच फाइल, उघडली आणि एकदा दिलेलं नाव दुसऱ्याला द्यायचं नाही असं ठरवलं. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची प्रत खोटं बोलत नाही. तिला काही गोष्टी ठाऊक नसतात एवढंच.

“पण बदलतात की संकेत,” सुहास चिकाटी सोडेना. “हिब्रूचा आयडब्ल्यू होता, १९८९ साली एचई झाला. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा मात्र २०२१पर्यंत आयडब्ल्यूच लिहीत होती.”

“लिहू दे ना,” मी म्हटलं. “बंड्या म्हणा नाहीतर दत्तात्रय, पोराने ओ दिली म्हणजे झालं.”

इथे मला माझा मुद्दा सापडला आणि मी तो सोडला नाही. या संकेतांच्या २००९च्या नियमावलीतच दोन पायऱ्या वेगळ्या केल्या आहेत. एक, संकेताची घडण बरोबर आहे का: अक्षरं किती, जोडणीच्या रेघा कुठे. याला यादी लागतच नाही. दोन, तो संकेत नोंदवहीत खरंच आहे का. याला यादी लागते, आणि तीही कुठल्या तारखेची ते सांगावं लागतं. टीव्ही, डबा, चारशे रुपयांचा प्लेअर यांनी पहिल्या पायरीवर थांबावं. तीन अक्षरं आली, घडण ठीक आहे, ओळखीची नाहीत? मग तीच तीन अक्षरं पडद्यावर दाखव आणि गप्प बस. ‘अज्ञात’ म्हणायचा अधिकार तुला कुणी दिला? पोस्टमनला गाव माहीत नसलं तर तो पाकिटावरचा पत्ता खोडून ‘कुठेतरी’ असं लिहितो का?

“ती तीन अक्षरं फाइलमध्ये अशी बसतात,” सुहास आता माझ्या बाजूने बोलायला लागला होता, त्याला स्वतःला कळलं नसावं. “एमपी४ प्रकारच्या व्हिडिओ फाइलमध्ये त्यांना जागा फक्त दोन बाइट, म्हणजे सोळा बिट. प्रत्येक अक्षराला पाच बिट, एक बिट रिकामा. एम तेरावा, ए पहिला, आर अठरावा. संपलं. कुठलीही तीन अक्षरं अशी सोडवता येतात, यादी नसली तरी. म्हणजे टीव्हीने जी, ओ, एम वाचले होते, आणि वाचून फेकून दिले.”

“ह्या मात्र वायट,” नंदू पहिल्यांदाच टीव्हीच्या विरोधात गेला.

मास्तरांना तरीही नावं हवीच होती. सामान्य माणसाने तीन अक्षरांवरून काय समजायचं? बरोबर आहे. नावं वर्षा-दोन वर्षांनी, सर्व्हिसिंगच्या वेळी, पेन ड्राइव्हवरून भरता आली तर नंदूची तयारी होती, मात्र टीव्हीचा मूळ प्रोग्राम न उघडता. वेगळी फाइल, वर तारीख. बिघडली तर पुसायची, टीव्ही चालूच. हे तो शंभर रुपयांत करून देणार होता. सुहासने फुकट म्हटल्यावर पुन्हा पंधरा मिनिटं भांडण झालं, ते इथे लिहीत नाही.

चहा मागवायला समोरच्या टपरीवर गेलो. तिथे एक जुना, कंपनीचं नाव पुसलेला टीव्ही आहे. मृणालने पेन ड्राइव्ह पुढे केला. त्या टीव्हीत बहुधा भाषांची यादीच नव्हती. त्याने दोन ट्रॅक दाखवले, जसे आले तसे: जीओएम, एमएआर. मृणालने पहिला निवडला आणि टपरीभर आजीचा आवाज घुमला.

टपरीवाल्याने गाळणी हातातच धरून पडद्याकडे पाहिलं. “गोम? खंय आसा गोम?” म्हणत त्याने आधी पाय वर घेतले.