काटा हलला नाही म्हणून चालणं सोडलंत?

सोसायटीच्या ग्रुपवर आज पुन्हा ‘सात दिवसांत लिव्हर साफ’ काढ्याची जाहिरात, आणि खाली बी विंगमधल्या काकांचा अंगठा! फॅटी लिव्हर निघालं म्हणून दोन महिने नेमाने चालले, वजन उतरलं नाही, तर चालणं बंद आणि काढा सुरू. चीड येते हो.

लिव्हरमधली चरबी वजनकाट्यावर दिसत नाही. सिडनी विद्यापीठात नेथन जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी बैठ्या, लठ्ठ माणसांना चार आठवडे सायकल मारायला लावली, आठवड्यातून तीनदा. वजन तिथेच, लिव्हरची चरबी २१ टक्क्यांनी कमी. हे २००९ चं! इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये २०११ साली नुसत्या ताकदीच्या व्यायामाने आठ आठवड्यांत १३ टक्के. तिथेही काटा हलला नव्हता. (सोनोग्राफीवर एवढा फरक दिसत नाही, ‘ग्रेड वन’ पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरतो.)

कष्टलेला स्नायू जेवणातली साखर स्वतःकडे ओढतो, लिव्हरकडे चरबी बनवायला कमी उरते. पण हा गुण दोन-तीन दिवसांत ओसरतो. म्हणून रविवारी दहा किलोमीटर आणि बाकी आठवडा खुर्ची, हे जमत नाही. सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको.

काकांचं चालणं म्हणजे फोनवर गप्पा मारत शतपावली. वाईट नाही, पण अपुरी. आठवड्याला किमान १५० मिनिटं, अशा वेगाने की बोलता येईल पण गाता येणार नाही. शिवाय दोन दिवस खुर्चीवरून उठबस आणि भिंतीवर जोर, १०-१२ चे तीन सेट. शेवटचे दोन जड गेले नाहीत तर वाढवा.

मान्य, वजन ७ ते १० टक्के उतरलं तर लिव्हरची सूजही कमी होते.

आणि काढा? मुंबईतल्याच डॉक्टरांनी कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवलेत. त्यावर वाद आहे, असू दे.

खरं तर काकांवर काय रागवायचं? ‘चालत जा’ एवढंच सांगून पाठवलं त्यांना. गोळीची मात्रा लिहून देतात, चालण्याची नाही. निदान एफआयबी-४ तरी काढून घ्या, म्हणजे साध्या रक्ततपासणीवरून लिव्हरच्या नुकसानीचा अंदाज देणारा आकडा. वय, एएसटी आणि एएलटी (लिव्हरची एन्झाइम्स), प्लेटलेट, एवढंच लागतं. १.३ च्या खाली आलं तर फायब्रोसिस (लिव्हरवर वण पडून ते कडक होणं) बळावल्याची शक्यता कमी. पासष्टीनंतर ही रेषा २ ची धरतात. वर गेलं तर फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी), तोही तीन तास काही न खाता, नाहीतर आकडा उगाच फुगतो.