सीडिंग झालंय का?

फ्रँकफुर्टमध्ये राहून मी कशातला तज्ज्ञ झालो असेन, तर तो 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेतला. आमच्या पुण्याच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनी २०२४च्या जुलैत अर्ज भरला. मंजूरही झाला. ऑगस्टात, राखीपौर्णिमेच्या तोंडावर, दोन महिन्यांचे मिळून ३००० रुपये त्यांच्या वस्तीतल्या बायकांना आले. मावशींच्या पासबुकात मात्र शुकशुकाट.

"दादा, तुम्ही कंप्युटरमध्ये आहात ना? बघा की जरा आत, कुठं अडकलेत."

मी कंप्युटरमध्ये आहे हे खरं. पण तिथे गोदामातल्या खोक्यांचा हिशेब असतो, शासनाचा नाही. हे मावशींना पटवण्यापेक्षा पैसे शोधणं सोपं वाटलं. शिवाय ज्या देशात माझ्या विम्याचा प्रत्येक कागद अजून पोस्टाने येतो, तिथे बसून डिजिटल कामात मदत करायची संधी कोण सोडेल?

बँकेतले साहेब म्हणत होते, "आधार लिंक आहे." तेही खोटं बोलत नव्हते. पण लिंक वेगळं आणि सीडिंग वेगळं. लिंक म्हणजे बँकेला तुमचा आधार ठाऊक असणं. सीडिंग म्हणजे सरकारी पैसे पाठवणाऱ्या यंत्रणेला तुमची बँक ठाऊक असणं. पहिलं असून दुसरं नसेल तर ते एकतर्फी प्रेम. त्यात पैसे मिळत नाहीत. आणि एका आधारला एका वेळी एकच बँक सीड होते. मग अर्जात खाते क्रमांक कितीही सुवाच्य अक्षरात लिहा, रक्कम जाते ती त्या बँकेत.

ती बँक कोणती, हे आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. फक्त बारा आकडे टाकायचे आणि नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी द्यायचा.

नोंदवलेला मोबाइल जावयाचा होता.

जावई छोटा हत्ती चालवतात आणि मेव्हण्याच्या लग्नातल्या मानपानापासून सासूशी बोलत नाहीत. सरकारने सुरक्षेचा सगळा विचार केला असेल, याचा केला नव्हता. तेव्हा व्यवस्था अशी ठरली : मी ओटीपी मागवायचा, जावयांनी चाकणच्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन बायकोला सांगायचा, तिने आईला आणि आईने मला. मुदत दहा मिनिटं. तिकडचे सकाळचे अकरा म्हणजे माझे साडेसात, म्हणून मी ब्रश तोंडात धरून बसलेलो. पहिला आकडा माझ्यापर्यंत आला तो जावयांच्या रिचार्जच्या रकमेचा. मग जावयांनी कुणालाही काही न विचारता थेट मलाच फोन केला. सासूबाईंचा उल्लेख त्यांनी शेवटपर्यंत "त्या" असा केला.

निघालं काय, तर २०१४ साली शिबिरात उघडलेलं जनधन खातं. मावशी ते विसरल्या होत्या, पासबुक पावसात गेलं होतं. पण ३००० रुपये तिथे सुखरूप पडलेले. काढायला गेल्या तर यंत्र अंगठा घेईना. दुसऱ्याची भांडी घासून घासून रेषाच गुळगुळीत झालेल्या. दहा बोटांत एकही बोट मावशींना ओळखायला तयार नाही. साहेबांनी सांगितलं, "हात नीट पुसून या." पुसून आणखी काय उरणार होतं?

शेवटी आधार केंद्रात ठसे नव्याने घेतले आणि मोबाइल नंबरही बदलला. तिथे मावशी माझाच नंबर द्यायला निघाल्या होत्या, "तो उचलला तरी जातो" म्हणून. परदेशातला चालत नाही म्हटल्यावर नाइलाजाने त्यांनी स्वतःचा दिला.

पैसे हातात आल्यावर मला सगळ्यात आधी फोन आला तो जावयांचा.

"दादा, माझ्या आईचं पण बघता का? तिचं पण सीडिंगच असणार."

"बघतो की. ओटीपी कुणाच्या नंबरवर येतो?"

"आमच्या दाजींच्या. पण दाजींचं नि आमचं बोलणं नाही."